डाव्या कोपऱ्यातली चीर

“काचेतल्या या चिरीपायी मले रस्ताच दिसून नाही राहिला,” नियाज स्टेअरिंगवर वाकून कुरकुरला.

“हो, अन् समोर ट्रॅक्टर आहे,” शेजारी बसलेली त्याची बायको जहाँआरा सहज बोलल्यासारखं म्हणाली. त्यानं ब्रेक दाबला.

अंजनगावहून अमरावतीला सवाऱ्या नेणाऱ्या या जीपवरच घरची चूल पेटत होती. कापूस बुडाल्यापासून सवाऱ्याही रोडावल्या होत्या.

अमरावतीच्या राजापेठेत काचवाल्या वसंतरावांनी चिरीवरून बोट फिरवलं. “खडा लागला असन. भरून देतो, नवी कायले टाकता?”

“नवीच टाका. साफ दिसाले पाहिजे.”

“पन भाऊ, चीर तर डाव्या कोपऱ्यात आहे. तुमच्या नजरेच्या आड कुठी येते?”

जहाँआरानं नियाजकडे पाहिलं. त्यांची कॉलेजला जाणारी लेक शाइस्ता हल्ली रोज बापाशेजारी बसायची आणि गप्पा मारल्यासारखी सांगत राहायची, ‘अब्बा, म्हैस,’ ‘अब्बा, सायकल.’ मागच्या सवाऱ्यांना वाटायचं, पोरगी भारीच बडबडी. आज ती तापानं घरी पडली होती, म्हणून आई बडबडत आली होती. घरात मात्र या बडबडीबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे.

“नवीच टाका म्हनलं ना!” नियाज ओरडला. ओरडला तो वसंतरावांवर, पण तोंड होतं रिकाम्या भिंतीकडे.

जहाँआरानं त्याचा हात धरला.

“काच राहू द्या, भाऊ,” ती वसंतरावांना म्हणाली. “ह्यांले आता दिसतच नाही.”