बोटभर लांब पाऊल

तीस वर्षं बूट शिवतोय, पण दोन्ही पावलं सारखी असलेला माणूस माझ्या दुकानात अजून यायचाय. म्हणून मी कागदावर दोन्ही पावलं ठेवून भोवती पेन्सिल फिरवतो. गिऱ्हाईक दरवेळी खाली वाकून कुजबुजतं, "कुणाला बोलू नका हं." मी नाही बोलत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

परवा एक नवरी मुलगी आईबरोबर आली. डावं पाऊल उजव्याहून बोटभर लांब. आईने आधी दाराला कडी लावली.

"सासरी कळलं तर लग्न मोडेल, काका. त्यांनी स्पष्ट सांगितलंय, आम्हाला सगळं नॉर्मल हवं."

"म्हणजे मी जन्मभर घरातसुद्धा बूट घालून फिरू?" मुलीचे डोळे भरून आले. "मी त्यांना सांगून टाकते."

"खबरदार!"

"कुणाच्या घरी देताय?" मी सहज विचारलं.

"वळणावरच्या चष्मेवाल्यांच्या."

माझी पेन्सिल थांबली. चष्मेवाल्यांच्या बाई गेल्याच आठवड्यात मुलाच्या लग्नासाठी माप देऊन गेल्या होत्या. उजवं पाऊल बोटभर लांब. त्यांनी तर कडी लावून वर पडदाही ओढला होता.

जीभ नुसती वळवळत होती. पोरीची दयाही येत होती. पण शब्द म्हणजे शब्द. एवढंच म्हणालो, "गुरुवारी अकराला घालून बघायला या." बाईंनाही तोच निरोप धाडला.

गुरुवारी बाई आधी आल्या आणि अनवाणी बाकावर बसल्या. कडी लावायची मी नेमका विसरलो. दार उघडलं, मुलगी आत आली. बाईंनी झटकन पाय बाकाखाली ओढले, पण तिने पाहायचं ते पाहिलं होतं. आई दारातच थिजली.

मुलगी बाईंच्या शेजारी बसली, बूट काढले आणि पाय पुढे केले. बाई कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग हळूच आपले पाय बाहेर काढले.

"सत्तावीस वर्षं मी घरात मोजे घालून वावरतेय," त्या म्हणाल्या. "यांनासुद्धा अजून दिसलं नाही. आणि म्हणे चष्मे विकतात!"

मुलगी खुदकन हसली. बाईंनी आपला उजवा पाय तिच्या डाव्याला लावून पाहिला. जोडी तंतोतंत जुळली.

"घरी आलीस की आल्या आल्या बूट काढ, पोरी," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "मग मीही मोजे काढीन."

नंतर माझ्यावर डोळे वटारले. मी आपला सुईत दोरा ओवत होतो. मी कुठे कुणाला काही बोललो होतो?