खांद्यांची कप्पी

मित्रांनो, मी एक जुनी कप्पी आहे. कप्पी म्हटले की तुम्हांला विहीर आठवेल. पण पाण्याशी माझा कधी संबंध आला नाही. माझ्या दोरीला बादली नसते, दोन्ही टोकांना लाकडी मुठी असतात. माणसाने माझ्याखाली खुर्चीवर बसायचे, दोन्ही मुठी धरायच्या आणि धडधाकट हाताने दोरी हळूहळू खाली ओढायची. मग दुसरा, दुखरा हात आपोआप वर जातो. एवढेच माझे काम. ऐकायला सोपे वाटते. पण ऑपरेशन झालेल्या खांद्याला विचारा!

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. वितळलेले लोखंड साच्यात ओतले, ते थंड झाल्यावर कारागिराने मला लेथवर चढवून माझ्या कडेला गोल खाच पाडली. तिथून मी हार्डवेअरच्या दुकानात आले आणि खिळ्यांच्या खोक्यांमागे पडून राहिले. एके दिवशी एक तरुण मुलगी आली. तिने मला बोटावर धरून गरकन फिरवले, कानाशी नेऊन ऐकले आणि म्हणाली, "ही द्या. हिचा आवाज गोड आहे."

"ताई, कप्पी घेताय की सतार?" दुकानदार हसत म्हणाला.

ती मुलगी म्हणजे आमच्या फिजिओताई. व्यायाम करवून घेऊन माणसांचे आखडलेले सांधे मोकळे करणे हा त्यांचा व्यवसाय. सायकलच्या दुकानाशेजारी त्यांनी एका खोलीत दवाखाना थाटला होता. तिथल्या दाराच्या चौकटीवर मला टांगले आणि माझी नोकरी सुरू झाली.

काय दिवस होते ते! कितीतरी खांदे माझ्या दोरीने वर नेले. एक बसकंडक्टर होते. त्यांचा हात पहिल्यांदा डोक्याच्या वर गेला, तेव्हा त्यांनी हवेतल्या हवेत घंटा वाजवली आणि ओरडले, "चला, पुढे सरका!" सगळा दवाखाना हसला. बरे झालेले लोक जाताना फिजिओताईंचे आभार मानत आणि वर बघून मलाही हात करत. तो हात करता येणे हाच तर माझा पगार होता.

पुढे दवाखान्यात दिव्यांची, बटणांची, टुकटुक वाजणारी यंत्रे आली. मला दारावरून काढून कपाटात ठेवण्यात आले. लोक म्हणतात, जुने ते सोने. खरे आहे, आणि सोन्याची जागाही कपाटातच असते! बँडेजच्या गुंडाळ्या आणि एक पाय मोडलेले स्टूल यांच्या संगतीत मी पडून राहिले. माझ्या आसावर धूळ बसली. आपला उपयोग संपला, अशी मी मनाची समजूत घातली होती.

मग ती साथ आली. तुम्ही तेव्हा लहान असाल, पण घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. रस्ते ओस पडले, दुकानांना कुलपे लागली, माणसे एकमेकांपासून दूर उभी राहू लागली. फिजिओताईंनाही दवाखाना बंद ठेवावा लागला. ज्यांच्या हातापायांवर उपचार अर्धवट राहिले होते, ते सगळे घरोघरी अडकून पडले.

त्यांच्यातच एक काकू होत्या. बायकांचे केस कापण्याचे त्यांचे दुकान होते. दिवसभर उभे राहायचे, हात खांद्याच्या वर धरायचा, कात्री चालवायची. अशी सगळी हयात गेली आणि उजव्या खांद्यातला स्नायू हाडापासून सुटला. डॉक्टरांनी ऑपरेशन करून तो पुन्हा हाडाला शिवला. आता व्यायाम केला नाही, तर खांदा जखडून जाणार होता. आणि केस कापणारीचा हातच वर गेला नाही, तर तिने दुकान कशाच्या जोरावर उघडायचे?

ऑपरेशननंतर थोड्या दिवसांसाठी म्हणून काकू लेकीच्या घरी आल्या होत्या. लेक नर्स होती. साथ सुरू होताच ती इस्पितळातच राहू लागली. म्हणून घरात उरले दोघेच: काकू आणि त्यांचे जावई. जावई शाळेत गणित शिकवत. आता ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून तास घेत.

फिजिओताईंनी मला कपाटातून काढले, पुसले, नवी दोरी ओवली आणि पिशवीत घालून दवाखान्याबाहेरच्या खुर्चीवर ठेवले. मग त्या स्वतः मागे सरकल्या. जावयांनी पुढे होऊन पिशवी उचलली.

"दाराच्या चौकटीवर घट्ट बसवा," फिजिओताई मास्कमधून म्हणाल्या. "आणि रोज फोन लावा. मी समोर बघितल्याशिवाय व्यायाम करायचा नाही."

अशी मी पुन्हा कामाला लागले. मला बैठकीच्या खोलीच्या दारावर बसवले होते. तिथून एका बाजूला काकूंचा पलंग दिसे आणि दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघरातले टेबल. पहिल्याच दिवशी माझ्या गंजलेल्या आसाने "कुईं" असा सूर काढला. लॅपटॉपमधून एका मुलीने विचारले, "सर, तुमच्या घरी पाळणा बांधलाय का?" गणिताचे सर कानापर्यंत लाल झाले. तास संपताच त्यांनी मला डोक्याला लावायचे तेल घातले. त्याने मी गप्प बसले खरी, पण चिकट झाले. मग शिलाई मशीनचे तेल मिळवून त्यांनी मला नीट केले.

मित्रांनो, सासू आणि जावई एका घरात, मध्ये लेक नाही, ही फार अवघड गोष्ट असते. काकू त्यांना "जावईबापू" म्हणत आणि ते खोलीत आले की पाय आवरून बसत. ते चहा करून आणत आणि तो टेबलावर ठेवून लगेच बाहेर जात. "चहा बरा झालाय का?" हे विचारायलाही दाराआडून खाकरत. चहा पाणचट असे. काकू म्हणत, "छान झालाय हो."

व्यायामातही हेच आडवे आले. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला असे. फिजिओताई त्यातून सांगत, "दोरीचं झालं, की आता आडवं व्हायचं. कुणीतरी मनगट आणि कोपर धरून हात हळूहळू वर न्यायचा. घरात कोण आहे?"

"कुणी नाही," काकू चटकन म्हणाल्या.

"आणि जावई?"

"अहो, जावयाला का हात धरायला सांगू? ते काय बरं दिसतं? माझं मी करते."

"काकू, जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात ना? त्या ग्रहाला म्हणावं, जरा खाली ये आणि मदत कर."

काकू हसल्या, पण त्यांनी जावयांना सांगितले नाही. जावयांनी स्वयंपाकघरातून सारे ऐकले होते. तेही आपणहून आले नाहीत. आपण पुढे झालो आणि त्यांना आवडले नाही तर, असे त्यांच्या मनात असणार.

काकू एकट्याच व्यायाम करत. दुखू लागले की दोरी अर्ध्यावर थांबवत आणि फोनकडे बघून म्हणत, "होतंय, होतंय." पण फिजिओताईंची नजर चुकवणे सोपे नव्हते. "हात वर गेलेला नाही, काकू. खांदा कानाला भेटायला गेलाय. तो खाली आणा आणि पुन्हा ओढा."

तरीही थोडीफार प्रगती होत होती. काकूंची बोटे माझ्याकडे सरकत होती. रोज संध्याकाळी लेकीचा फोन येई. तोंडावर मास्कचे वळ, डोळे थकलेले. ती आधी विचारी, "हात?" आणि मग, "जेवलात?"

एका संध्याकाळी लेकीचा फोन आला नाही. तिच्या मैत्रिणीचा आला. लेकीला ताप होता, श्वासाला त्रास होत होता. ती जिथे काम करत होती, त्याच इस्पितळात आता खाटेवर होती. भेटायला जायची परवानगी नव्हती.

त्या दिवसापासून माझी दोरी थांबली. काकूंनी दुखऱ्या हाताला आधार देणारी गळ्यातली झोळी पुन्हा अडकवली आणि त्या खिडकीशी बसून राहिल्या. फिजिओताईंचा फोन वाजे, त्या उचलत नसत. जावई तास घेत, पण आकडेमोड सांगताना मध्येच थांबत, आणि मुले म्हणत, "सर, आवाज येत नाहीये." घरात दोन माणसे होती आणि दोघेही एकमेकांपासून आपली भीती लपवत होते. एकदा जावयांनी ओला शर्ट वाळत घालायला जागा शोधली आणि तो माझ्या मुठीला अडकवला. तो तिथेच राहिला. कपाटातही मला इतके एकटे वाटले नव्हते.

मग एका दुपारी लेकीच्या मैत्रिणीने व्हिडिओ कॉल लावला. जावई फोन घेऊन धावतच खोलीत आले. पडद्यावर लेक दिसत होती, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. तिला बोलता येत नव्हते. तिने आईकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले. मग गादीवरून आपला उजवा हात सावकाश उचलला, पुन्हा आईकडे पाहिले आणि भुवया वर केल्या.

ती विचारत होती, तुझा हात?

काकूंनी झोळीतून हात बाहेर काढला आणि वर उचलायला गेल्या. तो छातीपर्यंत गेला आणि अडला. त्यांनी दात आवळले, मान वाकडी केली, तरी तो हलेना. लेकीने आपला हात खाली ठेवला आणि डोळे मिटून घेतले. "थकलीय ती," मैत्रीण म्हणाली आणि फोन बंद झाला.

मग काकू म्हणाल्या, "तिनं एवढ्यातही माझ्या हाताची काळजी करावी आणि मी हातावर हात ठेवून बसावं?" त्या पलंगावर आडव्या झाल्या. "जावईबापू, मला जरा हात द्या. मनगट धरा आणि कोपराला आधार द्या. मी ओरडले तर लक्ष देऊ नका."

जावई पुढे झाले. त्यांनी मनगट आणि कोपर धरले. हळूहळू तो दुखरा हात वर जाऊ लागला. "आई गं!" काकू ओरडल्या. ते थांबले. "थांबू नका," काकू म्हणाल्या. आणि तेवढ्यात, इतके दिवस दाबून ठेवलेले सगळे वर आले आणि गणिताचे सर लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिले. "रडा हो, रडा. घरात आपण दोघंच तर आहोत. फक्त हात सोडू नका."

त्यांनी हात सोडला नाही. व्यायाम झाल्यावर उठून त्यांनी माझ्या मुठीवरचा शर्ट काढला आणि काकूंसाठी खुर्ची ओढून ठेवली.

त्यानंतर रोजचा नेम ठरला. आधी मी, मग जावई. फोनमधून फिजिओताई लक्ष ठेवत आणि म्हणत, "अस्सं! दुखेल इतकं न्या, फाटेल इतकं नको." आता काकू जावयांसमोर पाय आवरून बसत नसत. एकदा चहाचा घोट घेऊन त्या म्हणाल्याही, "जावईबापू, आज खरं सांगू? तुमचा चहा म्हणजे गरम पाण्याला चहाची ओळख करून दिल्यासारखा असतो." जावई आधी गडबडले आणि मग इतके हसले, की तसे मोठ्याने हसणे त्या घरात मी पहिल्यांदाच ऐकले. दुसऱ्या दिवशी चहा कसा करायचा ते काकूंनी उभ्याने शिकवले.

आणि काकूंची बोटे माझ्या जवळ जवळ येत राहिली. एके सकाळी त्यांचे मधले बोट माझ्या थंड लोखंडाला लागले. काकू बोट तिथेच ठेवून थोडा वेळ बसून राहिल्या.

लेकही सावरत होती. आधी मास्क निघाला, मग आवाज आला, मग खाटेवरून उठून ती चार पावले चालली. शेवटी ती घरी आली. निम्मी झाली होती. काही दिवस वेगळ्या खोलीत राहून ती बाहेर आली, तेव्हा तिचे केस पाहवत नव्हते. पडून पडून त्यांच्या गाठी झाल्या होत्या आणि कंगवा फिरवला की पुंजके हातात येत होते.

"कापून टाक, आई," ती म्हणाली. "मी खाली जमिनीवर बसते. तुला हात वर करायला नको."

"जमिनीवर नको. जावईबापू, ते स्वयंपाकघरातलं उंच स्टूल आणा."

लेक उंच स्टुलावर बसली. काकूंनी तिच्या खांद्यांभोवती चादर गुंडाळली, केस पाण्याने भिजवले आणि कात्री उजव्या हातात घेतली. हात वर गेला. टाळूपर्यंत गेला. कात्रीचा तो बारीक कचकच आवाज मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. अर्धे केस कापून झाल्यावर हात थकून खाली येऊ लागला. जावई न सांगता पुढे झाले आणि त्यांनी खालून कोपराला आधार दिला. तिघांत मिळून केस कापले गेले आणि ते एका बाजूला चांगलेच तिरके झाले.

लेकीने आरशात पाहिले. "आई, तुझं गिऱ्हाईक पळून जाईल हं!"

"गिऱ्हाइकाच्या वेळी माझा हात धरायला जावई थोडाच असणार आहे?" काकू म्हणाल्या, आणि मायलेकी हसता हसता रडू लागल्या.

काही महिन्यांनी काकूंचे दुकान उघडले. पहिले काही दिवस त्या थोडीच गिऱ्हाइके घेत. हात अजूनही पूर्वीइतका उंच जात नाही, पण कात्रीला पुरेल एवढा जातो. आणि मी? फिजिओताईंनी मला नव्या दोरीने दवाखान्याच्या दारावर लावले आहे, टुकटुक करणाऱ्या यंत्रांच्या समोर. मधल्या काळात आणखी काही घरांच्या दारांवर जाऊन आले. प्रत्येक दाराखाली एक खुर्ची होती आणि तिच्यावर बसायचा कंटाळा करणारे कुणीतरी होते.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे माझे एक मागणे आहे. तुमच्या घरी कुणाच्या हातापायाचे ऑपरेशन झाले, की टाके निघाले म्हणजे झाले, असे समजू नका. खरे कष्ट त्यानंतर सुरू होतात, आणि ते रोजचे, कंटाळवाणे, दुखरे असतात. आजी किंवा बाबा म्हणाले, "आज राहू दे," तर त्यांच्यावर ओरडू नका आणि त्यांना एकटेही सोडू नका. शेजारी खुर्ची घेऊन बसा. हात द्या म्हणतील तेव्हा द्या. आणि माझ्यासारखी एखादी कप्पी तुमच्या दारावर असेल, तर तिच्या दोरीला लोंबकळू नका, तिच्यावर शर्ट वाळत घालू नका आणि अधूनमधून तेलाचा एक थेंब घाला. शिलाई मशीनचे तेल बरे. डोक्याचे मात्र नको!