उजव्या हाताचं माप

बसवाल्यानं खरेदीला दोन तास दिले आणि आमच्या सहलीतल्या बायका बाजारावर तुटून पडल्या. बाजार म्हणजे काय, डोंगराच्या उतारावरची एक गल्ली. लाकडी चमचे, मधाच्या बाटल्या, लोकरीच्या टोप्या, आणि पुन्हा लोकरीच्या टोप्याच. प्रत्येकीच्या हातात यादी होती. सुनेला शाल, जावयाला मफलर, नातवाला लाकडी अस्वल. माझ्याकडे यादी नव्हती. लग्न केलं नाही, आई गेली, नोकरी संपली. यादीत नाव तरी कोणाचं घालणार? उगाच एक चमचा उचलून पाहिला आणि खाली ठेवला.

बसमध्ये माझ्या शेजारी बसणारी बाई फार चौकस. हातमोज्यांच्या दुकानात तिनं मला गाठलंच. "तुम्ही कोणासाठी घेताय?"

"ताईसाठी," तोंडातून निघून गेलं.

ताईशी मी अकरा वर्षं बोललेले नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात ती चार दिवस पाहुणीसारखी येऊन गेली. मी पडले फटकळ. निघताना तिला तोंडावर सुनावलं, "आता आई गेल्यावरच ये." ती खरंच तेव्हा आली, आणि त्यानंतर कधीच आली नाही.

दुकानातली विणकरीण वयानं बरीच लहान, पण कामात कडक. तयार मोजे ती ठेवतच नव्हती. ज्याचे मोजे त्यानं खाकी कागदावर हात टेकवायचा, ती भोवतीनं पेन्सिल फिरवणार, आणि मोजे दुसऱ्या दिवशी टपालानं घरी धाडणार. माणूस हजर नसेल तर निदान माप तरी हवं.

"माझ्याएवढाच असेल हात," मी म्हटलं. "सख्खी बहीण आहे."

"असेल म्हणून कसं चालेल, मावशी? शेवटचा कधी पाहिलात त्यांचा हात? वयानुसार सांधे सुजतात, बोटं वाकतात. फोन करून विचारा ना."

शेजारीण तिथंच कान देऊन उभी. बोलत नाही म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या बसला कळलं असतं. मी दुकानाच्या पायरीवर आले. नंबर तोंडपाठ होता. तो लागू नये असं मनापासून वाटत होतं, आणि लागावा असं त्याहून जास्त.

बऱ्याच वेळानं तिनं उचलला. "कोण?"

"मी."

"बोल, बारके."

अकरा वर्षांत मला कोणी बारके म्हटलं नव्हतं. रडू येईल म्हणून मी घाईघाईनं कामाचंच बोलले. "तुझ्यासाठी हातमोजे विणून घेतेय. माप सांग."

"मला मोजे? बरं. थांब, दोरा आणते."

ती गेली ती बराच वेळ आलीच नाही. एक पाऊल टेकल्याचं ऐकू यायचं, दुसरं घासत यायचं. तेवढ्यात विणकरीण दारात येऊन म्हणाली, "उजव्या हाताचं घ्या. कामाचा हात मोठा असतो."

"उजव्याचं हवंय," मी ताईला सांगितलं.

"डाव्याचं देते की. उजव्याची मूठ उघडत नाही आता. ती सगळी बाजूच गेलीय माझी. दोन वर्षं होतील."

मी पायरीवर खाली बसले. "आणि मला कळवलं नाहीस?"

"एकदा नंबर लावला होता. मग म्हटलं, नको. तू उचलला नसतास तर फार लागलं असतं."

"घरी कोण असतं?"

"सकाळी कामाला बाई येते. मग मीच."

विणकरणीनं सगळं ऐकलं होतं. "मुठीला बोटांशिवायचा विणते मी," ती हळू आवाजात म्हणाली. "पण ते माप फोनवर नाही व्हायचं, मावशी. कोणीतरी जवळ बसून घ्यावं लागतं." एक कोरा खाकी कागद तिनं गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवला.

"ताई, मी येऊ?" मी विचारलं. "माप घ्यायला."

शेजारीण दुकानातून बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच काही न विचारता पुढं गेली.

"ये," ताई म्हणाली. "फक्त बेल वाजवून लगेच माघारी फिरू नकोस. मला दारापर्यंत यायला वेळ लागतो."