चौथी खुर्ची

डायलिसिस केंद्राचं वेळापत्रक सांभाळणारा प्रोग्राम आम्ही दोघं बघतो, मी आणि मास्तर. 'मास्तर' हे ऑफिसने त्यांना दिलेलं नाव. मला हे काम त्यांनीच बोट धरून शिकवलं. काही नवीन करून बघायचं तर परक्या रुग्णाच्या नावाला हात लावायचा नाही, हा माझा हट्ट. बाबा तिथलेच रुग्ण, बुधवारी चौथी खुर्ची. म्हणून दर वेळी बाबांचंच नाव.

मंगळवारी एक बदल तपासायचा होता, तोही मास्तरांनी चाचणीसाठी बनवलेल्या वेळापत्रकाच्या कॉपीत. मी विचारलं, "मास्तर, तुमची कॉपी पूर्ण वेगळी आहे ना? आतल्या वारांच्या याद्यासुद्धा?"

"अगं, डोळे झाकून वापर."

मी वापरली. कॉपीत बाबांना बुधवारातून काढलं, चाचणी नीट झाली, कॉपी पुसली आणि निघाले.

बुधवारी यादीत नाव नाही म्हणून बाबांना केंद्रातून परत पाठवलं. ते मुकाट्याने घरी आले, मला फोनही केला नाही. संध्याकाळी मला कळलं, तोवर सगळ्या खुर्च्या भरलेल्या. गुरुवारी सकाळी धाप लागली, तसं हॉस्पिटलमध्ये भरती करावं लागलं.

मग मास्तरांनी ती कॉपी कशी बनवली होती, ते मी प्रोग्राममध्ये उघडून बघितलं. कॉपीत वरचं वेष्टन तेवढं नवं होतं. आतल्या याद्या मूळ वेळापत्रकाच्याच, त्याच जागी ठेवलेल्या. मी कॉपीत खोडलं ते खऱ्या यादीत खोडलं गेलं. शेजारी मास्तरांचीच दोन महिन्यांपूर्वीची टीप होती: 'आतल्या याद्या सामाईक आहेत. सवडीने बघू.'

आणि साहेबांसमोर हा माणूस शांतपणे म्हणाला, "मी तिला बजावलं होतं." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

वॉर्डात बाबांपुढे मी मास्तरांचा उद्धार केला, अगदी तोंड दुखेपर्यंत. बाबांनी मास्क जरा बाजूला केला.

"त्यांचं जाऊ दे. मला वाटलं, यादी तू बघतेस. तूच नाव काढलं असशील, तर काहीतरी विचार करूनच काढलं असशील. म्हणून तिथे भांडलो नाही."

मी मास्क परत नीट बसवला. नाव मीच काढलं होतं.