पंधरा मिनिटांची चिठ्ठी

दत्ताराम परबांना जाऊन चौदा दिवस झाले होते आणि त्यांच्या मुलीला, श्रुतिकाला, अजून रडू आलं नव्हतं. नातेवाईक म्हणाले, पोर घट्ट मनाची. कसली घट्ट! दाढ काढल्यावर गाल बधिर असतो ना, तशी ती आतून बधिर होती.

ती अंधेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. घाटकोपरच्या ज्या इस्पितळात वडील गेले, तिथलं नातेवाइकांसाठीचं ॲप तिच्याच टीमचं. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेला माणूस दुसरं करणार काय? दर दहा सेकंदांनी पान उघडून पेशंटची स्थिती बघायचा. आत सगळं तसंच असायचं, पण प्रत्येक वेळी डेटाबेसला एक फेरी. शेकडो नातेवाईक, डेटाबेस मेटाकुटीला आला. मग श्रुतिकाने 'कॅश' नावाची तात्पुरती साठवण बसवली. एकदा काढलेलं उत्तर सर्व्हरच्या मेमरीत पंधरा मिनिटं ठेवायचं आणि पुढे विचारणाऱ्याला तेच द्यायचं. काउंटरवरच्या बाईने दर वेळी उठून रजिस्टर न उघडता टेबलावरची चिठ्ठी वाचून दाखवावी, तसं. शंभरातल्या नव्वद फेऱ्या वाचल्या. टीमचे प्रमुख किरण सर खूश, त्यांनी सगळ्यांना वडापाव मागवले.

शेजारी बसणारा प्रबुद्ध तेवढा म्हणाला होता, "अगं, पण आत स्थिती बदलली की चिठ्ठी फाडायला नको? एका ओळीचं तर काम आहे."

"पंधरा मिनिटांत काय आभाळ कोसळतंय रे? पुढच्या रिलीजला टाकू ना."

तो रिलीज, म्हणजे ॲपची नवी आवृत्ती, तीनदा पुढे गेला. त्या ऑफिसात 'नंतर' म्हटलेलं काम म्हणजे पाण्यात टाकलेला दगड.

वडील गेले त्या मंगळवारी ती विक्रोळीला घरीच होती. भेटीची वेळ चारची. आई, सुलक्षणाबाई, चार दिवस चहा-टोस्टवर होती. श्रुतिकाने कुळथाची पिठी आणि भात केला. दोन वाजून सात मिनिटांनी ॲप उघडलं, तर 'प्रकृती स्थिर'. आई तरी उठेना. "आणखी एकदा बघ," म्हणाली. दोन एकोणीसला तिने पुन्हा बघितलं आणि फोनच आईसमोर धरला.

"हे बघ, स्थिर. आता तरी जेव. चारला त्यांच्यासमोर चक्कर येऊन पडशील."

सुलक्षणाबाई जेवल्या. भूक अशी दाबून ठेवलेली की भात दोनदा घेतला, बोटं चाटली. दोन एक्केचाळीसला इस्पितळातून फोन आला.

घरातलं माणूस गेलं की अग्नी दिल्याशिवाय घास घशाखाली उतरवायचा नाही, हे सुलक्षणाबाईंनी जन्मभर पाळलेलं. चाळीत कुणी शेजारी गेला तरी त्यांची चूल पेटत नसे.

चौदाव्या दिवशी श्रुतिका ऑफिसात गेली आणि आधी सर्व्हरची नोंद उघडून बसली. दोन सात: प्रश्न आला, उत्तर डेटाबेसमधून. दोन बारा: नर्सने स्थिती बदलली, मृत्यू. दोन एकोणीस: प्रश्न आला, उत्तर मेमरीतून.

सात मिनिटं. चिठ्ठी तिच्याच पहिल्या प्रश्नाने लिहिली गेली होती, आणि आईला वाचून दाखवली होती तीही तिनेच. तिने ती ओळ तीनदा वाचली. काही म्हणजे काही वाटलं नाही.

प्रबुद्धने मागून स्क्रीन पाहिली. 'मी सांगितलं होतं' असं म्हणायचा त्याला पूर्ण हक्क होता.

"मी टाकतो ती ओळ," एवढंच म्हणाला.

"नको. मीच टाकते."

चार मिनिटं लागली. पाच वाजायच्या आत ती सगळीकडे चालूही झाली.

घरी आली तेव्हा आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती. ते नेमके किती वाजता गेले याबद्दल इतके दिवस तिने चकार शब्द काढला नव्हता. कुळथाच्या पिठाचा डबा मात्र तिने फळीवर मागे ढकलून ठेवला होता.

"श्रुती, खरां सांग. मी जेवक बसलंय तेव्हा ते होते मां?"

इस्पितळाचा कागद श्रुतिकाच्या पिशवीत होता. त्यावर वेळ छापलेली होती.

"होते," ती म्हणाली. "तू हात धुतलेस, त्यानंतर गेले."

सुलक्षणाबाईंनी डोळे मिटले, खांदे खाली आले. "तुझ्या फोनान सांगल्यान म्हणून बसलंय गो. मशीन कित्याक खोटां बोलात?"

मग त्या उठल्या, डबा पुढे ओढला आणि दोघींपुरती पिठी केली. श्रुतिकाने भात कालवला. घास गिळला, चव लागली नाही.

ताटं उचलताना आईने पुन्हा विचारलं, "होते मां?"

"होते," श्रुतिका म्हणाली. या वेळी तिला क्षणभरही थांबावं लागलं नाही.