सुई हलली नाही म्हणून

माझा भाचा नळकाम करतो. अंगाने काटकुळा, हाताला चलाख. त्याचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, याच वयात खुर्चीत बसल्या बसल्या हृदय बंद पडून गेला. म्हणून डॉक्टरीणबाईंनी भाच्याचं रक्त तपासलं आणि जड शब्द सांगितला : फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया. रोज गोळी घ्यायची आणि मुलीचंही रक्त तपासून घ्यायचं, असं बजावलं.

भाच्याने गोळ्यांचं पाकीट फोडलंसुद्धा नाही. सूनबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, मला बोलावलं. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, म्हणून घरात कुणाला काही पटवायचं असलं की मला पुढे करतात.

त्याची मुलगी चिमणी स्वयंपाकघरात पेन्सिलीला टोक करत बसली होती. मी तिलाच जवळ घेतलं. म्हटलं, भाचा शेजारीच आहे, त्यालाही ऐकू जाईल.

"लांब शब्द बघून घाबरायचं नाही. तुकडे करायचे. हायपर म्हणजे जास्त. मधलं कोलेस्टेरॉल, म्हणजे रक्तातला एक मेणचट पदार्थ. तो थोडा लागतोच. आणि शेवटी एमिया म्हणजे रक्तात. आता जोड."

"रक्तात मेण जास्त," चिमणी म्हणाली. "आणि फॅमिलियल?"

"घराण्यातून आलेलं. म्हणजे कुणी अधाशासारखं खाल्लं म्हणून नव्हे."

"झाली का शाळा?" भाचा हत्यारांची पिशवी भरत म्हणाला. "आत्या, अगं, मेण साठायला अंगावर मांस तरी हवं ना? माझ्या बरगड्या मोज."

"अरे, ते बरगड्यांवर नाही साठत, रक्तवाहिन्यांत साठतं. बारीक माणसालाही होतं."

"माझं प्रेशर बघितलंय. एकदम ठीक. आम्ही पाइपाची लाइन टाकली की तिची तोंडं बंद करतो, दाब भरतो आणि मीटरच्या सुईकडे बघतो. सुई हलली नाही की लाइन पास. माझी सुई हलत नाही. विषय संपला."

मी कपाळाला हात लावला. "त्याने गळती कळते! पाइपात आतून क्षार बसलाय का, ते कळतं का तुझ्या सुईला?"

"पाइपाची गोष्ट वेगळी."

"आत्ता तूच पाइप काढलास ना!"

"आत्याबाई, असंच चालतं रोज," सूनबाई म्हणाली. "भिंतीशी बोललेलं बरं. भिंत निदान उलट बोलत नाही."

"आणि पोरीला सुया टोचायच्या नाहीत," भाचा म्हणाला. "एकदा नाव चिकटलं की जन्मभर चिकटतं."

"नाव दिल्याने रोग येत नाही रे. असेल तर आधीच आहे. नाव कळलं की निदान इलाज सुरू होतो."

चिमणीची पेन्सिल थांबली. "मला पण आजोबांसारखं होईल?"

भाचा वाकून पिशवीत काहीतरी शोधू लागला. बराच वेळ शोधत राहिला. मग वर न बघता म्हणाला, "घेऊन जा तिला. तपासून आणा."

मला वाटलं, गड सर झाला. कसला गड!

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. चिमणीचं सगळं ठीक होतं. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. भाच्याने लेकीला उचलून गरगर फिरवलं आणि माझ्याकडे वळून विजयी मुद्रेने म्हणाला,

"बघ आत्या! पोरगी स्वच्छ. म्हणजे आमच्या घराण्यात नाहीच ते. उगाच घाबरवत होतीस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, प्रत्येक मुलात उतरतंच असं नाही! तिच्यात उतरलं नाही, म्हणून तुझ्यातलं गेलं का? तपासलं तिचं रक्त. पास तू कसा झालास?"

"घर एकच, लाइन एकच," म्हणत त्याने पिशवी खांद्याला लावली.

समजल्याशिवाय पुढचा धडा घ्यायचा नाही, हा माझा नेम. मुलं कंटाळली तरी मी कंटाळले नाही. त्या दिवशी मात्र कंटाळले. पाकीट फोडलं, पेला भरला आणि दारात आडवी उभी राहिले.

"नको समजूस. गीळ."

"आत्या, मला उशीर होतोय, तिकडे पाणी तुंबलंय."

"तुंबू दे."

त्याने सूनबाईकडे पाहिलं. ती हलली नाही. मग चिमणीकडे. तीही नाही. शेवटी गोळी घेतली, पाणी प्यायला, तोंड वाकडं केलं.

"पटलेलं नाही हं मला."

"माहीत आहे."

"उद्या गोळी घेतली का, विचारायचं नाही."

"उद्या विचारणार नाही. पेला घेऊन इथेच उभी असेन," मी म्हटलं आणि वाट सोडली.