आवाजासाठी टॅब

येत्या गुरुवारी नागपुरात माह्या गळ्याचं ऑपरेशन हाय. डॉक्टरनं साफ सांगतलं, "स्वरयंत्रच काढा लागते. जीभ, ओठ, खानंपिनं सारं राहीन. फक्त आवाज जाईन." फक्त म्हने. तीस वर्षं पांढुर्ण्याच्या मंडईत संत्र्याच्या हर्राशीत बोली पुकारली म्या. हा गुणवंता बोलला का नदीपल्याड सावरगावात आयकू जाये. अन् हा डॉक्टर मले फक्त सांगून रायला.

भाचा तुषार नागपुरात नोकरीले हाय. त्यानं उपाय काहाडला. चांगला टॅब घ्या, गुरुवारच्या आत त्याच्यात तुमचा आवाज भरून ठेवू, मंग तुमी टाइप करा, तो तुमच्याच आवाजात बोलीन. "पन मामाजी, प्रोसेसर पाहून घ्या. तुमच्या गावात, रामाकोन्यात, नेटवर्कचा भरोसा नाही, टॅबनं सारं आपल्याच डोक्यानं केलं पाह्यजे."

मले फिकीर एकाच मानसाची होती, माही बायको वत्सला. ते कमी आयकते. दुसऱ्याचं तिले समजत नाही, पन मी तोंडापुढं उभा राहून मंडईच्या आवाजात बोललो का बरोबर समजते. तो आवाज गेला तं ते भिताडाकडे पाहीन अन् मी तिच्याकडे. असं जगनं मले मंजूर नव्हतं.

पह्यले सौसरच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हने, "आठ कोरचा घ्या. आठ कोर म्हंजे आठ डोके." मी खुश. तुषारले फोन लावला तं तो म्हने, "मामाजी, आठातले सहा लहानच असतीन. कधी कधी चार दमदार कोर आठावर भारी पडते." मंग आठ लावले कायले बावा? एक ना धड भाराभर चिंध्या. तसाच वापस आलो.

दुसऱ्या दिवशी वत्सलेले घेऊन पांढुर्ण्याले गेलो, गौतमच्या दुकानात. पोरगा ओळखीचा, त्याचा बाप माह्या हर्राशीत माल आनत होता. त्यानं तीन टॅब पुढं ठेवले. "काकाजी, हा बारा नॅनोमीटरचा, हा सहाचा, हा चारचा."

"बाराचा दे."

"नाही ना. हे जेवढं कमी तेवढी चिप बारीक, तेवढं चांगलं."

आता घ्या. जनमभर चढती बोली पुकारनारा मानूस मी. इथं वेगाचा गिगाहर्ट्झ चढता चांगला, नॅनोमीटर उतरता चांगला, अन् कोर चढते चांगले पन नाही बी. डोक्याचा पार भुगा झाला. त्याच्यावर गौतम म्हने, "हा प्रोसेसर एआरएम जातीचा, हा एक्स एटीसिक्स जातीचा. एका जातीचं अ‍ॅप दुसऱ्यावर चालीनच असं नाही."

"मशीनीतबी जात काहाडली का बे?"

तो हासला. म्हने, जातीचं सोडा, एनपीयू पाहा. म्हंजे आवाज बनवनारा अलग कप्पा. बारावाल्यात तो नाहीच. सहावाल्यात हाय, पन टाइप केल्यावर दहा सेकंदानं बोलते. दहा सेकंदात तं मंडईत संत्र्याचा ढीग विकून जाते. चारवाला तुरंत बोलते, पन त्याच्यात मराठी नीट बसते का नाही, हे गौतमलेबी माहीत नव्हतं.

खोटं कायले सांगू, मले रडू आलं. चार दिवसांनी आवाज जाऊन रायला अन् मी आकडे मोजून रायलो.

"बोलतं करून पाहू," गौतम म्हने. त्यानं चारवाल्यात टाइप केलं, 'वत्सला, जेवाले वाढ'. आवाज पूर्ण खोलला. टॅब असा ओरडला का रस्त्यावरचे दोघं थांबून पाहू लागले. वत्सला स्टुलावर पिशवी घेऊन बसली होती. तिनं टॅबकडे पाह्यलं, मंग माह्याकडे.

"काय म्हनते ते?"

गौतमनं तीनदा वाजवलं. तिचं तेच. माहं डोकं सटकलं. "एवढं गळा फाडून ओरडून रायलं, अन् तुले आयकू नाही येत का वं?"

ते माह्या तोंडाकडे पाहत होती. शांतपनं म्हने, "अवो, मले तुमचाबी आवाज बारा वर्षांपासून आयकू नाही येत. मी तुमचे ओठ पाह्यते. याले तं ओठच नाहीत."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तुमाले वाटे, तुमच्या आवाजानंच मले समजते. म्हनून नाही सांगतलं."

बारा वर्षं मी ओरडलो. शेजारी वैतागले, गळा बसला, अन् सारं पालथ्या घड्यावर पानी. मी तिच्यापुढचं स्टूल ओढून बसलो.

"कोनता पॅक करू, काकाजी?" गौतम म्हने.

म्या त्याले हातानं थांबवलं. वत्सलेकडे पाह्यलं अन् आवाज न काहाडता, नुसते ओठ हालवून म्हन्लं, 'मले गुरुवारचं लय भेव वाटून रायलं.'

गौतमले काहीच समजलं नाही.

"मलेबी," वत्सला म्हने.